सरकारी कार्यालयातील घातक रसायनांची माहिती कर्मचाऱ्यांना कशी द्यावी: सीमाभागातील नव्या प्रभारींसाठी

‘कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या घातक रसायनांविषयी सर्व कर्मचाऱ्यांना माहिती देऊन अहवाल सादर करावा’ असे एका ओळीचे आदेशपत्र तुमच्या टेबलावर येते, वरिष्ठ त्यावर तुमचे नाव घालून सही करतात, आणि त्यापुढे काय करायचे हे कोणीच सांगत नाही. मी बेळगाव जिल्ह्यातील एका स्थानिक संस्थेच्या कार्यालयात एसडीए (द्वितीय दर्जा साहाय्यक, म्हणजे कारकून) म्हणून काम करीत असताना माझ्याकडे हे काम असेच आले होते. पहिले वर्ष मी ते कागदावरच केले, म्हणजे कन्नडमधील एक परिपत्रक फिरवले, त्यावर चाळीसेक सह्या घेतल्या आणि फाइल बंद केली. त्यानंतर एका सोमवारी सकाळी कार्यालयामागच्या शौचालयात नव्याने लागलेल्या एका सफाई कर्मचाऱ्याने बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली आणि त्यातच शौचालय धुण्याचे ॲसिड ओतले. मी पोहोचलो तेव्हा तो बाहेर पायरीवर बसून खोकत होता, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि दारातून उग्र वास येत होता. ‘साहेब, दोन्ही घातलं की लवकर निघतंय म्हणून घातलो की,’ एवढेच तो बोलला. त्या परिपत्रकावर त्याचीही सही होती. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाला कन्नड बोलता येत होते, पण कन्नड लिपी वाचता येत नव्हती, आणि ॲसिडच्या बाटलीवरचा मजकूर तर इंग्रजीत होता. त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले.

हे काम कोणत्या क्रमाने करावे, त्यात कोठे पाय घसरतो आणि कोणते कागद हाताशी ठेवावेत, ते पुढे लिहिले आहे. महापालिका, नगरपंचायत, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, रयत संपर्क केंद्र, पाणीपुरवठा, सरकारी शाळेची प्रयोगशाळा यांपैकी कोठेही तुम्ही असलात तरी पद्धत साधारण हीच राहील.

सुरुवातीला हाताशी हवे ते

- तुमच्या नेमणुकीचा लेखी आदेश. तोंडी सांगितले असेल तर आधी लेखी मागून घ्या.
- मागील दोन वर्षांची खरेदीची बिले आणि कोठाराची साठा नोंदवही.
- कायम, रोजंदारी आणि कंत्राटी अशा सर्व कामगारांची यादी, त्यात प्रत्येकाला कोणती लिपी वाचता येते याचा एक रकाना.
- कोरी नोंदवही, ठळक काळा पक्का मार्कर, पारदर्शक चिकटपट्टी, फोटो काढता येणारा मोबाइल.
- रबरी हातमोजे आणि गॉगल, कारण यादी करतानाच तुम्हाला जुने डबे हलवावे लागतील.

१. आधी कोठारात जा

बहुतेक नवे प्रभारी कायदा वाचण्यापासून सुरुवात करतात. मी सांगेन की पहिले दोन दिवस कोठार, पंपघर, शौचालय, गॅरेज, अभिलेख कक्ष आणि जिन्याखालची जागा पाहण्यात घालवा. बिलांवरून यादी केली तर गेल्या वर्षी घेतलेले सामान सापडते, पण दहा वर्षांपूर्वीचा, झाकण गंजलेला डबा सापडत नाही, आणि नेमका तोच अधिक धोक्याचा असतो.

‘आमच्याकडे कसली रसायने?’ असे प्रत्येक विभागप्रमुख तुम्हाला म्हणेल. म्हणून प्रश्न वेगळा विचारा: धुण्याचे, फवारण्याचे, पाण्यात टाकण्याचे, उंदीर-वाळवी मारण्याचे, जखम किंवा उपकरणे धुण्याचे तुमच्याकडे काय काय आहे? असे विचारले की पुढील गोष्टी बाहेर येतात.

पाणीपुरवठ्यात तुरटी, ब्लीचिंग पावडर आणि मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत क्लोरीन वायूची नळकांडी असतात. स्वच्छता विभागात ॲसिड, फिनाईल, चुना, डास मारण्याची औषधे आणि धूरफवारणीसाठी लागणारे डिझेल असते. आरोग्य केंद्रात सोडियम हायपोक्लोराइट, ग्लुटाराल्डिहाइड, फॉर्मालिन आणि कपाटात विसरलेले पाऱ्याचे जुने रक्तदाबमापक सापडते. रयत संपर्क केंद्रात कीटकनाशके आणि तणनाशके, रेशनच्या गोदामात धान्याला लावायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, शाळेत तीव्र गंधकाम्ल आणि नत्राम्ल, आणि साध्या कचेरीतही यूपीएसच्या बॅटऱ्यांमधले आम्ल असते. छपरावरचे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी असते. ते न फोडता, न घासता तसेच राहू दिले तर धोका कमी असतो, पण दुरुस्तीच्या वेळी कापले की त्याची धूळ फुप्फुसात जाते. म्हणून त्यांचीही नोंद घ्या.

प्रत्येक वस्तूसाठी नोंदवहीत एक ओळ ठेवा: चालू भाषेतील नाव, डब्यावरचे नाव, तीव्रता, किती साठा, कोठे ठेवला आहे, कोण हाताळतो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढचे सारे काम त्या माणसासाठी करायचे आहे. चालू भाषेतील नाव लिहिण्यात संकोच करू नका. आमच्याकडे ‘ब्लीचिंग’ म्हणतात, तर सीमेपलीकडे चंदगडच्या बाजूला त्याच पावडरीला ‘टीसीएल’ म्हणतात. तिकडून आलेल्या माणसाला ‘ब्लीचिंग आहे का इथे?’ विचारले तर तो पोत्याशेजारी उभा राहून नाही म्हणेल.

सापळा: नाव नसलेला डबा सापडला तर तो उघडून वास घेऊ नका, दुसऱ्यालाही घेऊ देऊ नका. ‘अज्ञात, हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावून तो वेगळा ठेवा आणि विल्हेवाटीसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहा. तो गटारात ओतून मोकळे होण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका.

२. सुरक्षा माहितीपत्रक मिळवा आणि त्यातले पाच भाग वाचा

प्रत्येक रसायनासोबत उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक असते. बाजारात त्याला एसडीएस किंवा जुन्या सवयीने एमएसडीएस म्हणतात. पुरवठादाराकडे लेखी मागणी करा, फोनवर मागितले तर ‘पाठवतो’ म्हणतात आणि विसरतात. आंतरराष्ट्रीय नमुन्यातील पत्रकाचे १६ भाग असतात. ते सगळे कामगाराला समजावून सांगण्याची गरज नाही, पण तुम्ही स्वतः दुसरा भाग (धोके कोणते), चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी व साठवण), आठवा (वैयक्तिक संरक्षण) आणि दहावा (कशाबरोबर मिसळू नये) नीट वाचून काढा. आमच्या शौचालयातील प्रसंग दहाव्या भागातल्या एका ओळीत आधीच लिहिलेला होता: आम्लाशी संपर्क आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पत्रक हातात आले की त्यावरचे नाव आणि तीव्रता डब्याशी ताडून पाहा. सोडियम हायपोक्लोराइट घरगुती वापरासाठी साधारण ४ ते ६ टक्के तीव्रतेचे मिळते, तर संस्थांना पुरवले जाणारे पुष्कळदा १० ते १२ टक्क्यांचे असते. पहिल्याचे पत्रक दुसऱ्याच्या पिंपाला लावले तर पाणी किती मिसळायचे इथपासून सगळेच चुकते. मला एकदा एका पुरवठादाराने भलत्याच कंपनीचे, भलत्याच पदार्थाचे पत्रक छापून आणून दिले होते, आणि मी ते महिनाभर फाइलला लावून ठेवले होते. पत्रक असल्याचे पाहून लेखापरीक्षक समाधानी झाले, मीही झालो.

कीटकनाशकांच्या बाबतीत १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम लागू होतात आणि त्यांच्या वेष्टनावर कोनावर उभा केलेला एक रंगीत चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर ते अत्यंत विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर कमी विषारी. ‘हिरवा म्हणजे निर्धोक’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो मुद्दाम खोडून काढावा लागतो. हा रंग पोटात किंवा त्वचेतून एकदम किती मात्रा गेली तर जीव जातो यावर ठरतो. रोज उघड्या हाताने थोडे थोडे फवारणाऱ्याच्या त्वचेचे आणि श्वासाचे पुढे काय होते, ते त्या रंगावरून कळत नाही. डब्यासोबतची घडीपत्रिका फेकून देऊ नका. तिच्यात प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला असतो, आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.

३. टिपणीत कायद्याचा आधार किती आणि कसा द्यावा

हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण येथे अडकून पडलेली पुष्कळ फाइले मी पाहिली आहेत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. त्याखाली १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात नियम झाले. त्यातील नियम १७ मध्ये सुरक्षा माहितीपत्रक मिळवणे आणि प्रत्येक पात्रावर चिठ्ठी लावणे सांगितले आहे आणि पत्रकाचा नमुना अनुसूची ९ मध्ये आहे. कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ४१-ब मध्ये कामगारांना धोक्याची माहिती उघड करण्याचे बंधन आले. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हे राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात मोडते असे म्हटले.

आता कोणी तरी ‘आपले कार्यालय म्हणजे कारखाना नव्हे’ असे टिपणीवर लिहील, आणि ते तांत्रिकदृष्ट्या चूक नसेल. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही राज्य सरकारची कार्यालये वगळली आहेत. मात्र त्या कार्यालयांत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या कामगारांना ती संहिता लागू होते, अशी त्यात तरतूद आहे. आपल्याकडे ॲसिडची बाटली आणि फवारणीचा पंप हातात घेणारे बहुतेक लोक कंत्राटीच असल्यामुळे वाद तेथेच संपतो. टिपणीत हा एक परिच्छेद लिहा आणि पुढे चला.

४. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा

मूळ वेष्टनातून काढून दुसऱ्या भांड्यात ओतलेले रसायन हे आपल्या कार्यालयांतील मोठे दुखणे आहे. पाच लिटरच्या कॅनमधले ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ते मजल्यामजल्यावर वाटले जाते, कारण तसे ते हाताळायला सोपे पडते. पाण्याच्या, सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत कोणतेही रसायन भरायचे नाही, हा नियम लेखी काढा आणि त्यासाठी वेगळ्या रंगाच्या, जाड प्लास्टिकच्या बाटल्या खरेदी करून द्या. बाटल्या न देता नुसता नियम काढला तर आठवडाभरात सगळे पूर्ववत होते.

चिठ्ठीवर पाच गोष्टी हव्यात: चालू नाव, धोक्याचे चित्र, कशात मिसळू नये, अंगावर उडाल्यास काय करावे, आणि भरल्याची तारीख. चित्रांसाठी लाल कडेचे चौकोनी आंतरराष्ट्रीय संकेत वापरा. ते एकंदर नऊ आहेत, पण आपल्या कामाला कवटी, हातावर आणि धातूवर पडणारे थेंब, ज्वाला, वर्तुळावरची ज्वाला आणि छातीवर चांदणी असलेली मानवाकृती एवढे पुरतात. ज्वाला आणि वर्तुळावरची ज्वाला यांतला फरक नीट सांगा: पहिली म्हणजे पदार्थ स्वतः पेटतो, दुसरी म्हणजे तो दुसऱ्याला पेटायला मदत करतो. ब्लीचिंग पावडर दुसऱ्या प्रकारात येते, म्हणून तिचे पोते डिझेलच्या कॅनशेजारी ठेवायचे नसते, आणि आमच्या कोठारात ते वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले होते.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. सूचना कन्नडमध्ये असावी लागते आणि ती असावीच. तिच्याखाली त्याच चिठ्ठीवर मराठी ओळ लिहा. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आणि तिकडे हल्याळ, भालकीकडेही एकाच पाळीत कन्नड वाचणारा, मराठी वाचणारा, उर्दू बोलणारा आणि काहीच वाचता न येणारा अशी चार माणसे तुम्हाला भेटतील. वेगळा मराठी फलक लावला की त्याचा विषय लगेच दुसराच होतो आणि रसायन बाजूला राहते. एकाच चिठ्ठीवर दोन्ही भाषा आणि मध्ये मोठे चित्र असले की मला तरी कधी कोणी हरकत घेतलेली नाही. टिपणीवर ‘भाषा’ हा शब्दसुद्धा मी वापरला नव्हता, ‘हाताळणाऱ्यास समजेल अशी सूचना’ असे लिहिले होते. शिवाय शब्द निवडताना दोन्हीकडे चालणारे निवडता येतात. कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात, विषाला ‘विष’ आणि आम्लाला ‘आम्ल’. कोणी मोठ्याने वाचून दाखवले तर मराठी कानाला हे तिन्ही शब्द कळतात.

आणखी एक बारीक गोष्ट. आम्ही पहिल्या चिठ्ठ्या निळ्या स्केचपेनने लिहून चिकटवल्या होत्या. दोन आठवड्यांनी ब्लीचिंगच्या पिंपावरची चिठ्ठी जवळजवळ कोरी झाली होती, फक्त कडेला फिकट जांभळी रेघ उरली होती. जी पावडर रंग उडवण्यासाठीच असते तिच्या वाफेत शाई टिकणार कशी, हे आधी सुचायला हवे होते. पक्क्या काळ्या मार्करने लिहून वरून संपूर्ण चिकटपट्टी लावा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चिठ्ठ्या तपासा.

५. माहिती प्रत्यक्ष सांगा आणि ती परत वदवून घ्या

सभागृहात प्रोजेक्टर लावून घेतलेल्या शिबिराला ज्यांचा रसायनाशी संबंध नाही असे लोक पहिल्या रांगेत बसतात आणि पौरकार्मिक, म्हणजे सफाई कर्मचारी, मागे उभे राहून चहाची वाट पाहतात. त्याऐवजी पहाटेची हजेरी झाली की तेथेच, कोठाराच्या दारात, वीस मिनिटे घ्या. एका वेळी सात-आठ माणसे आणि एका वेळी एक किंवा दोनच रसायने. रिकामी बाटली, रिकामे पोते, हातमोजे हे सर्व हातात धरून सांगा. रसायने मिसळून ‘दाखवण्याचा’ मोह कटाक्षाने टाळा.

प्रत्येक रसायनाविषयी चारच प्रश्नांची उत्तरे द्या: हे शरीराला काय करते, कशाबरोबर मिसळायचे नाही, हात लावताना काय घालायचे, आणि अंगावर, डोळ्यात किंवा पोटात गेले तर पहिल्या मिनिटाला काय करायचे. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन सुटतो. तीच पावडर अमोनिया असलेल्या द्रवात मिसळली की क्लोरामाइन सुटते. फिनाईल, ॲसिड आणि ब्लीचिंग एका दिवशी वापरायचे असेल तर मधल्या वेळी जागा भरपूर पाण्याने धुऊन काढायची. ॲसिड पातळ करायचे असल्यास पाण्यात ॲसिड हळूहळू घालायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतायचे नाही.

सांगून झाल्यावर त्यांच्यातल्या एकाला पुढे बोलावून तेच त्याच्या भाषेत इतरांना सांगायला लावा. येथेच तुमचे काम झाले की नाही ते कळते. आमच्या एका अक्कांनी ‘डोळ्यात उडालं की दोन-तीनदा पाणी मारायचं’ असे सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले की ‘भरपूर पाण्याने धुवा’ या माझ्या वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत इतकाच पोहोचला होता. तेव्हापासून मी ‘भरपूर’ हा शब्द सोडून दिला. आता मी नळाखाली डोळा उघडा धरून १५ मिनिटे असे सांगतो, आणि एकाला नळाखाली वाकून उभे राहायला लावतो. पाच मिनिटांनी तो वैतागला की १५ मिनिटे म्हणजे किती ते सर्वांना कळते.

सह्या घ्याव्या लागतातच. पण ज्या कागदावर सही घेता तो सही करणाऱ्याच्या लिपीत असावा, आणि वाचता न येणाऱ्याला तो कोणी वाचून दाखवला त्याचे नाव शेजारी असावे. कंत्राटदाराची माणसे दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, म्हणून त्यांची माहिती पहिल्या दिवशीच झाली पाहिजे आणि ती झाल्याशिवाय त्यांना कोठारात पाठवायचे नाही, अशी अट कंत्राटदाराच्या कार्यादेशात घालून घ्या.

६. पाणीपुरवठ्यातील क्लोरीनसाठी वेगळा वेळ ठेवा

ग्रामपंचायतीच्या टाकीवर काम करणारा नीरगंटी बहुधा ब्लीचिंग पावडर कालवतो, तर शहराच्या शुद्धीकरण केंद्रात वायूची १०० किलोची नळकांडी किंवा ९०० किलोचे टनर असतात. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर जगणाऱ्या बेळगावकरांपैकी फार थोड्यांना आपल्या नळाच्या मागे हा वायू उभा आहे याची कल्पना असते.

नीरगंटीला दोन गोष्टी सांगा. पोते फाडून पावडर काढताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आधी द्रावण वेगळ्या बादलीत कालवून निवळलेले पाणी टाकीत सोडायचे. टाकीच्या झाकणातून आत वाकून मूठभर पावडर टाकायची नाही. चांगल्या ताज्या पावडरीत ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतो, पण ओल लागली की तो उडून जातो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात पोते भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले तर पावसाळ्याच्या शेवटी त्यात नुसता चुना उरतो, आणि तोवर कोंदट खोलीत सुटलेला वायू रोज दार उघडणाऱ्याच्या छातीत जातो. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, खिडकी असलेल्या खोलीत पोती ठेवा.

वायूच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी हे पाठ केले पाहिजे: क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो खड्ड्यात, तळघरात आणि उताराकडे साचतो. गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निसटून वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि उंच जागी जायचे. खाली बसायचे नाही, धावत उताराकडे जायचे नाही. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून आवारात उंच काठीला कापडी निशाण बांधा. खर्च पन्नास-शंभर रुपयांचा आहे. सांध्यातून बारीक गळती आहे का, हे पाहण्यासाठी अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा सांध्याजवळ धरतात. गळती असल्यास पांढरा धूर दिसतो. गळणाऱ्या नळकांड्यावर पाणी मारायचे नाही, कारण ओलाव्यात क्लोरीन धातू खातो आणि छिद्र मोठे होते. हवेचे सिलिंडर पाठीवर असलेले श्वसनयंत्र घालून शिकलेल्या माणसांनीच, आणि तेही जोडीने, आत जायचे.

वास येत नाही तोवर धोका नाही, असे जुने कर्मचारी अभिमानाने सांगतात. रोजच्या सवयीने नाक बधिर होते हे त्यांना नम्रपणे सांगा. मैला टाकी आणि मॅनहोलमधल्या हायड्रोजन सल्फाइडचे तर याहून वाईट आहे: कुजक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच काम करेनासे होते आणि वास थांबला असे वाटते. तेथे माणूस उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याच्या प्रतिबंध कायद्याचा विषय आहे. यंत्र मागवा. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही मरतो, अशा बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

७. संरक्षक साधने

कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही, हे एवढे एकच वाक्य दर बैठकीत सांगा. ॲसिडसाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गॉगल, एप्रन आणि गमबूट. फवारणीसाठी औषधाला योग्य असा गाळणीचा मुखवटा. बायकांच्या हाताच्या मापाचे हातमोजे वेगळे मागवा. सैल मोजे निसटतात म्हणून त्या ते काढून ठेवतात, आणि मग ‘दिलेले वापरत नाहीत’ असा शेरा मारला जातो.

८. अपघाताचा तक्ता

एका पानावर, मोठ्या अक्षरांत, दोन्ही भाषांत, कोठाराच्या बाहेरच्या बाजूला तक्ता लावा. आत लावलेला तक्ता वायू सुटल्यावर कोण वाचणार? त्यावर रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनाचा १०१, आपत्कालीन ११२, जवळच्या सरकारी रुग्णालयाचा आणि तुमचा क्रमांक असावा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र चोवीस तास चालते. त्यांचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरून घेऊन, एकदा फोन लावून खात्री करून लिहा. मजकूर एवढाच: बाहेर मोकळ्या हवेत न्या, भिजलेले कपडे काढा, त्वचा व डोळे १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, ॲसिड, कॉस्टिक किंवा रॉकेल पोटात गेले असल्यास ओकारी काढायला लावू नका, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांना दाखवा. हळद, तूप, लिंबू यांचे प्रयोग करू नयेत, हेही लिहा, कारण ते होतातच.

आरोग्य केंद्रात पारा सांडला तर झाडू मारायचा नाही. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवायचे. धान्याच्या गोदामात गोळ्या लावल्या असतील तर दारावर तारीख लिहा आणि पूर्ण वारा खेळू दिल्याशिवाय हमालालाही आत सोडू नका. त्या गोळ्यांतून सुटणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही.

९. पुढच्या खरेदीत तीन ओळी वाढवा

निविदेत किंवा पुरवठा आदेशात असे लिहा: प्रत्येक खेपेसोबत त्याच उत्पादनाचे आणि त्याच तीव्रतेचे सुरक्षा माहितीपत्रक द्यावे, पात्रावर कन्नड व मराठी सूचना असावी, ती नसल्यास माल स्वीकारला जाणार नाही. पुरवठादार कुरकुर करतील, पण बिल अडकले की चिठ्ठ्या छापून येतात. जेथे शक्य असेल तेथे रसायनच बदला: टाइल्स धुण्यासाठी ॲसिड लागतेच असे नाही, साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने काम भागते, फक्त वेळ जास्त लागतो.

१०. नोंदवही कोठे ठेवावी

यादी, माहितीपत्रके, कोणाला कधी सांगितले याच्या नोंदी आणि किरकोळ अपघातांची हकिकत, हे सारे एकाच नोंदवहीत ठेवा. किरकोळ म्हणजे हातावर उडालेला थेंबसुद्धा. तो थेंब लिहून ठेवल्यामुळेच आम्हाला एका कॅनचे झाकण गळते हे कळले होते. बदली झाली की पदभार देताना ही वही स्वतंत्रपणे नोंदवून द्या. तिची मूळ प्रत कचेरीच्या कपाटात ठेवू नका, कोठाराच्या दाराशी खिळ्याला दोरीने बांधून ठेवा. पौरकार्मिक पहाटे पाचला येतात आणि कपाटाची किल्ली असलेले बाबू सव्वादहाला.